खडू मागणाऱ्या टायरवाल्या मामांना

मामा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाबा तुम्हाला ‘पाव्हणं’ म्हणाले, तुम्ही त्यांना ‘अण्णा’, मी मामा म्हटलं आणि तुम्ही मला ताई. तेवढ्यावर काम झालं. म्हणून हे पत्र असंच, बिननावाचं. कराड ओलांडलं की पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला उसाच्या फडाला लागून पत्र्याचं शेड, बाहेर ट्रकचे दोन टायर एकावर एक आणि त्यांवर चुन्याने लिहिलेलं ‘हवा’. ओळखीचं कुणी वाचत असेल तर त्यांना वाचून दाखवा.

आम्ही खरं तर हवा भरायलाच थांबलो होतो. गाडी शेडपाशी येऊन उभी राहायच्या आत तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, “ताई, गाडी लंगडतीया.”

लंगडतेय हे मला चार महिने माहीत होतं. सेकंडहँड गाडी, २०१५चं मॉडेल, सिंगल ओनर, आतून चकाचक. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की सावकाश चालवली की खालून धप, धप, धप असा ठोका येतो. वेग वाढला की ठोके एकमेकांत मिसळून घूंऽऽ असा आवाज होतो आणि सगळी गाडी थरथरायला लागते. एका ठिकाणी बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून घेतलं. रिमवर शिशाची नवी वजनं बसली, ठोका तसाच. दुसऱ्या ठिकाणी पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, मजुरी धरून ३,४०० रुपये. ठोका तसाच. तिसऱ्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, “जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालायचंच.” मग आमच्या घरी यावर जो उपाय निघाला तो रेडिओचा आवाज वाढवण्याचा.

तुमच्यापुढे मी हीच सगळी कहाणी लावली. आवाज पुढच्या डाव्या बाजूने येतो, बेअरिंग नवं आहे, आता एक्सल गेला असेल का, वगैरे. तुम्ही मध्येच थांबवलंत. “कुठनं येतोय ते ऱ्हाऊ द्या. कवा येतोय ते सांगा.”

आणि मामा, मला सांगता येईना. ब्रेक दाबल्यावर वाढतो का? वळताना बदलतो का? गिअर काढला की थांबतो का? मी शाळेत गणित शिकवते. उदाहरणात काय दिलंय ते आधी लिहा, मग सोडवायला घ्या, म्हणून पोरांच्या मागे लागते. इथे मी चार महिने उत्तरंच विकत घेत होते.

तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात, बाबा मागे, आणि आपण सर्व्हिस रोडला लागलो. पुढे-मागे कुणी नाही हे बघून तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकायला लावलीत. “इंजिन बंद करायचं न्हाई हां,” हे दोनदा बजावलंत, कारण इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकदही जाते. ठोका चालूच राहिला. म्हणजे इंजिनाचा संबंध संपला. मग हलका ब्रेक. ठोका वेगाबरोबर मंदावला, पण पायाखाली पेडल काही थरथरलं नाही, म्हणजे डिस्कवर संशय नको. मग स्टिअरिंग हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे. बेअरिंगची तक्रार असती तर एका बाजूला वजन पडल्यावर आवाज चढला असता आणि दुसरीकडे उतरला असता. इथे काहीच फरक नाही. शेवटी स्टिअरिंग पूर्ण पिळून गाडी गोल फिरवली. एक्सलचा जॉइंट गेला की असतो तो कटकट आवाज आला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील आणि माझ्या यादीतले तीन-चार खर्च कमी झाले.

त्यानंतर तुम्ही वळून बाबांना विचारलंत, “अण्णा, तुमास्नी कसं लागतंय?” गाडीबद्दल बाबांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. बाबा म्हणाले, “बुडाखाली कुणीतरी जातं फिरवतंय.” तुम्ही मला स्टिअरिंगवर फक्त बोटं टेकवून ठेवायला सांगितलीत. स्टिअरिंग जवळजवळ शांत होतं. पुढचं चाक असेल तर थरथर हातात येते, मागचं असेल तर सीटमध्ये. मी पुढे बसून फक्त आवाज ऐकत होते आणि गाडीच्या डब्यात घुमणाऱ्या आवाजाने मला पुढच्या डाव्या चाकाकडे पाठवलं होतं. बाबा मात्र प्रत्येक कोल्हापूर खेपेला मागच्या डाव्या चाकावरच बसत होते!

काटा २० वर ठेवून दहा सेकंदांत किती ठोके येतात ते मोजायला सांगितलंत. मोबाइलवर वेळ लावून मी मोजले, २७. तुम्ही नुसती मान हलवलीत. हिशोब मी घरी येऊन केला, राहवलं नाही. टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२, मधलं रिम १४ इंच म्हणजे साधारण ३५६. सगळा मिळून व्यास ६२०, परीघ १.९५ मीटरच्या आसपास. ताशी २० किलोमीटरने दहा सेकंदांत गाडी साडेपंचावन्न मीटर जाते, म्हणजे चाकाचे साधारण साडेअठ्ठावीस फेरे. काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, तेव्हा २७ अगदी बरोबर. एका फेऱ्याला एक ठोका. चाकावर एकाच जागी काहीतरी आहे, हे तुम्हाला कागदाशिवाय कळलं होतं. (हे उदाहरण मी आता नववीला घातलंय. तिघांनी बरोबर सोडवलं.)

शेडमध्ये येऊन मागचं डावं चाक जॅकवर घेतलंत. वर-खाली धरून हलवलंत, खेळ नाही. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवलंत आणि माझाही हात तिथे ठेवायला लावलात. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर लागते, म्हणालात. लागली नाही. मग मला विचारलंत, “मास्तरीणबाई ना? खडू असंल पर्समध्ये.”

होता. असतोच.

एक वीट उभी केलीत, तिच्यावर खडू आडवा धरलात, टायरच्या नक्षीपासून केसभर लांब, आणि चाक हळूहळू फिरवायला लागलात. काळं रबर खडूसमोरून सरकत होतं, काहीच लागत नव्हतं. एकदम खर्र झालं आणि परत शांत. पूर्ण फेरा झाला, त्याच जागी पुन्हा खर्र. चाक थांबवून बघितलं तर सगळ्या टायरवर एकाच ठिकाणी वीतभर लांब पांढरा पट्टा. माझा तळवा धरून तिथून फिरवलात. नक्षीच्या मधोमध टेंगूळ होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला मात्र ठळक.

आतली तारेची जाळी रबरापासून सुटलीय, मध्ये हवा शिरलीय, वजनं ठोकून हे गोल होणार नाही, असं तुम्ही समजावलंत. बॅलन्सिंगच्या मशीनने वजन बरोबर करून दिलं होतं, त्याची काही चूक नव्हती. आकार बिघडलाय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पण मला अजून एक कोडं होतं. या टायरची नक्षी बाकी तिघांपेक्षा जास्त शिल्लक होती. गाडी घेताना मी चारही टायर वाकून बघितले होते आणि याच्यावर खूश झाले होते. तुम्ही खडूनेच टायरच्या कडेवरचे चार आकडे घासून दाखवलेत, ३११५. एकतिसावा आठवडा, साल २०१५. बाकीचे तिन्ही २०२१चे. गाडीबरोबर आलेली मूळ स्टेपनी ती, वर्षानुवर्षं डिकीत पडून, आणि विकताना नक्षी चांगली म्हणून चाकावर चढलेली. विकणाऱ्याला आतलं माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. डिकीतली स्टेपनी म्हणून जो टायर मिळाला, तो २०२१चा, झिजलेला पण धड होता.

“किती पळवता?” विचारलंत. ९०, मी म्हणाले. त्यावर तुम्ही मला जे बोललात ते इथे लिहीत नाही. बाबा हसत होते. तुमच्याकडे या मापाचा जुना टायर होता, तो मी मागितलाही. “दुसऱ्याचं दुखणं कशाला घेताय,” म्हणून दिला नाहीत. झिजलेली स्टेपनी लावून दिलीत, साताऱ्यापर्यंत ६० च्या वर जायचं नाही, तिथे मागचे दोन्ही एकदम नवे घ्यायचे आणि बसवायच्या आधी ते चार आकडे वाचायचे. चाक काढण्या-लावण्याचे १०० रुपये घेतलेत. जास्त देऊ केले तर चहा सांगा म्हणालात. तीन चहा झाले.

साताऱ्यात दुकानदाराने पुढे केलेल्या पहिल्या जोडीवरचे आकडे मी मोठ्याने वाचले. त्याने न बोलता आतून दुसरी जोडी आणली.

संध्याकाळी खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो. दर खेपेला तिथे तो घूंऽऽ भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा आणि मी काचा वर करायचे. या वेळी सवयीने बटणावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. बाजूच्या ट्रकचा आवाज येत होता, आमच्या गाडीचा नाही. बाबा मागे झोपले होते.

दिवाळीत कोल्हापूरला जाताना तुमचं शेड रस्त्याच्या पलीकडे पडेल, पण परतताना आपलीच बाजू आहे. तेव्हा थांबते. खडूचा तुकडा तुमच्या विटेवर राहिलाय, तो ठेवा. बाबांनी तुमच्यासाठी गुळाची ढेप सांगून ठेवली आहे.

तुमची,
लंगड्या गाडीची मास्तरीणबाई