आधी आवाज शिकवा, मग कॅमेरा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

हल्ली दोन दिवसांच्या अभिनय कार्यशाळांच्या जाहिराती फार दिसतायत, सिरियलमध्ये संधी, पोर्टफोलिओ शूट, ऑडिशनची तयारी वगैरे. मुलं आणि पालक हौसेने पैसे भरतात, त्यांना दोष नाही. पण दोन दिवसांत शिकवतात काय, तर कॅमेऱ्याकडे कसं बघायचं आणि फोटोत कसं दिसायचं. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक (शरीराचा), वाचिक (आवाज आणि शब्दांचा), आहार्य आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा), त्यातलं हे फक्त आहार्य झालं, म्हणजे कपडे आणि मेकअप. बाकीचे तीन कोण शिकवणार?

मी स्वतः हौशी नाटकवाला, स्पर्धांच्या तालमींना जाऊन बसतो. मुलं हुशार आहेत, पाठांतर चोख असतं, पण पाचव्या रांगेच्या मागे शब्दच पोचत नाहीत. मोठ्याने बोल म्हटलं की ओरडतात आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत घसा बसलेला असतो. कारण पोटातून श्वास घ्यायचा आणि तो वाक्य संपेपर्यंत पुरवायचा हे कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या मराठीत 'नाही' येतं वाक्याच्या शेवटी, आणि नेमका शेवटच गिळला तर मागच्या प्रेक्षकाला उलटाच अर्थ कळतो!! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, त्यांनी वाचिक अभिनयावर वेगळं पुस्तकच लिहिलं, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. समोरचा बोलत असताना बरेच जण आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत नुसते उभे असतात, क्यू, म्हणजे समोरच्याचा शेवटचा शब्द, आला की सुरू. प्रेक्षकाला ते लगेच कळतं. प्रयोगात प्रेक्षक हसला तर किती थांबायचं, हशा पूर्ण विरायच्या आधी पुढचं वाक्य कसं उचलायचं, लाइट कसा घ्यायचा म्हणजे चेहरा उजेडात कसा ठेवायचा, समोरच्याला न झाकता कसं उभं राहायचं, हे स्टेजवर उभं राहूनच येतं, रील बघून येत नाही. आणि चुकलं तर रिटेक नाही, सोबतचा नट सांभाळून घेतो, तेही शिकावंच लागतं.

आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, त्यानंतर कित्येक दशकं माइक नव्हताच, नट आवाजावर उभे होते. आता माइक वापरू नका असं मी म्हणत नाही, पण कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या किंवा युथ फेस्टिव्हलच्या महिनाभर आधी दिग्दर्शक बोलवायचा, बाकी वर्षभर काहीच नाही, हे बदलायला हवं. आठवड्यातून एक तास श्वास, उच्चार आणि मोठ्याने वाचन एवढं ठेवलं तरी दोन वर्षांत फरक दिसेल, त्याला खर्च जवळपास नाहीच.

माझी मागणी एवढीच, की महापालिकांनी आपापली नाट्यगृहं प्रयोग नसलेल्या सकाळी दोन तास विद्यार्थी आणि हौशी संस्थांना नाममात्र भाड्याने द्यावीत, लाइट-माइक काही नको, फक्त रिकामं स्टेज आणि वॉचमन. ज्येष्ठ रंगकर्मींना मानधन देऊन तिथे आवाजाचे वर्ग घ्यायला बोलवावं. आणि पालकांनी फी भरायच्या आधी क्लासवाल्यांना विचारावं, मुलांना माइकशिवाय बोलायला कधी उभं करणार?

एक हौशी रंगकर्मी, सांगली