धुळ्याचं स्टेशन जंक्शन होण्याआधी : परिवहन मंत्र्यांना एका अपडाउनवाल्याचं पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

साहेब, मी अमळनेरचा. गेली एकवीस वर्षं नोकरीसाठी जळगावला अपडाउन करतो. सकाळी रेल्वेने जातो, संध्याकाळी जे मिळेल त्याने येतो. आमच्याकडे या ‘जे मिळेल त्या’त एसटी, पॅसेंजर, काळीपिवळी, ओळखीच्याची मोटारसायकल असं सगळं येतं.

आत्ताच लिहायचं कारण धुळं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी. हा मार्ग मालेगाव, धुळ्यावरून जाणार आहे. आज धुळ्याला रेल्वे येते ती चाळीसगावहून, आणि धुळ्यातच संपते. उद्या तिथे जंक्शन होईल. रेल्वे केंद्राची, हे मलाही कळतं. पण गाडीतून उतरलेला माणूस साक्री, शिरपूर नाहीतर शहाद्याकडे जायला निघाला, की तो तुमचा प्रवासी झाला. त्याला एसटी कुठे मिळेल, किती वाजता मिळेल आणि आज ती आहे की नाही, हे त्याला कोण सांगणार?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. एक प्रसंग सांगतो. खान्देशातल्याच एका बसस्थानकावरचा आहे, नाव मुद्दाम घेत नाही. अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला दिवस, म्हणजे खान्देशातल्या लेकी माहेरी निघण्याचा दिवस. ऊन असं की पत्र्याखालीही डोळे मिटून घ्यावेत. माझ्या शेजारी एक बाई, मांडीवर पोर, पायाशी दोन पिशव्या. तिने चौकशीच्या खिडकीवर विचारलं, “धुयानी गाडी गई का हो, भाऊ?” आतून उत्तर आलं, “लागेल.” अर्ध्या तासाने ती पुन्हा गेली. पुन्हा “लागेल.” दीड तासाने दुसऱ्याच गाडीच्या वाहकाने तिला सांगितलं, की ती गाडी सकाळीच रद्द झाली, जत्रेच्या जादा फेऱ्यांना पाठवली. आतल्या रजिस्टरात ते लिहिलेलं होतं. भोंगा खिडकीपासून चार हातांवर होता आणि चालूही होता, त्यावरून मघापासून पाकीटमारांपासून सावध राहायला सांगत होते.

त्या माणसावर माझा राग नाही. गाडी रद्द झाली तर ते पुकारायचं, हे काम त्याला कुणी नेमूनच दिलेलं नसावं. म्हणून गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यांची निविदा काढण्याआधी एक साधं परिपत्रक काढा. गाडी रद्द झाल्याचं किंवा वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर असल्याचं आगारात कळलं, की पाच मिनिटांत ते फलाटावर पुकारलं पाहिजे, पाटीवर लिहिलं पाहिजे, आणि पुढची गाडी कोणती तेही सांगितलं पाहिजे. पडदे मग लावा. पडदा तेच दाखवणार जे त्याला आतून कुणी सांगेल. वेळापत्रकातली गाडी इमानेइतबारे दाखवत बसलेला पडदा हा त्या “लागेल”चाच थोरला भाऊ.

आणि पडदे लावाल तेव्हा उलटे लावा. एसटी स्टँडवर रेल्वेच्या गाड्या दाखवा आणि रेल्वे स्टेशनच्या दारात एसटीच्या. सुरतेकडून आलेल्या माणसाला जळगाव स्टेशनवर उतरताच जामनेरची गाडी किती वाजता हे दिसलं, तर तो धावायचं की चहा घ्यायचा हे ठरवू शकतो. आज तो आधी धावतो आणि मग कळतं, की चहाला वेळ होता. (उलटंही होतं. तेव्हा चहा फार कडू लागतो.)

यासाठी लागणारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची पद्धत आहे. कोणता थांबा, कोणती फेरी, किती वाजता, एवढंच त्यात असतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने आणि गुगलने २००५ मध्ये ती सुरू केली, आज जगभर तीच चालते. कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपलं वेळापत्रक असंच सगळ्यांना खुलं केलं. एसटीचं वेळापत्रकही तसं खुलं करा. जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं त्यावर महिन्याभरात काहीतरी कामाचं बनवतील. पण सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या माणसाचं मोबाइलवर भागणार नाही. त्याच्यासाठी फलाटांना मोठे आकडे आणि वेगळे रंग हवेत. पुकारताना मराठीसोबत अहिराणीत आणि तिकडच्या भिली, पावरी बोलींत दोन वाक्यं हवीत.

आता वेळेचं. इमारती शेजारी आणल्या म्हणून गाड्या एकमेकींना भेटत नाहीत. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराचं रेल्वे वेळापत्रक ठरावीक वेळाने गाडी या तालावर बसवलं. पुढे मोठ्या स्टेशनांवर गाड्या तासाच्या ठोक्याच्या आसपास एकत्र येतील आणि थोड्या वेळाने आपापल्या दिशांना सुटतील, असं जमवलं. आपल्याला एवढं जमणार नाही, जमायची घाईही नाही. पण संध्याकाळची शेवटची एसटी शेवटच्या पॅसेंजरनंतर पंधरा मिनिटांनी सुटावी, आणि पॅसेंजर लेट असेल तर तिने थोडं थांबावं, एवढं तर जमेल? आज दोन्ही वेळापत्रकं आपापल्या ऑफिसात ठरतात. आगारप्रमुख आणि स्टेशनमास्तर एका गावात राहतात, पण त्यांची वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत.

चालण्याबद्दल थोडंच. जळगावला स्टेशन आणि नवीन बसस्थानक यांच्यातलं अंतर सडा माणूस सहज चालेल एवढंच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा सामान आणि पोर घेऊन तेवढंच अंतर रिक्षाचं होतं. धुळ्याच्या नकाशावर दोन्ही जागा एका सावलीत येऊ द्या. वाटेत जिना नको, उतार हवा. रिक्षा आणि काळीपिवळीची जागा आराखड्यात आधी काढा. ती काढली नाही, की ते दारातच उभे राहतात आणि मग आपण त्यांना अतिक्रमण म्हणतो. शिटा भरल्याशिवाय ते निघत नाहीत हे खरं, पण रात्री अकराला बहुतेक वेळा तेच असतात.

बसपोर्ट म्हटलं, की आपल्याकडे वर व्यापारी संकुलाचे मजले दिसायला लागतात. गाळे काढा, पैसा लागतो हे कळतं. फक्त फलाटाची, संडासाची आणि पिण्याच्या पाण्याची जागा ठरल्यावर उरेल त्यात काढा.

या सगळ्याला मालक कोण, ही खरी अडचण आहे. रेल्वे केंद्राची, एसटी महामंडळाची, शहर बस महापालिकेची, रिक्षांचे परवाने आरटीओकडे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सगळ्यांना एका टेबलावर आणणारं प्राधिकरण सुचवलं, ते दहा लाखांवरच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव होतं ४ लाख ६० हजारांचं, धुळं पावणेचार लाखांचं. म्हणजे आमच्यासाठी ते टेबलच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली केंद्राची पीएम ई-बस सेवा ही विजेवरच्या बसांची योजना मात्र तीन लाखांवरच्या शहरांसाठी आहे. नव्या बसा द्यायला तीन लाख पुरतात, त्या कुणाला कुठे जोडायच्या हे ठरवायला दहा लाख लागतात!

तुम्हीच हे टेबल मांडू शकता. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या गाड्यांत माहेरवाशिणींची, बाजाराला निघालेल्या बायांची गर्दी दिसते. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास फुकट झाला. सरकारने ठरवलं, की दर्यापासून सातपुड्यापर्यंतच्या वाहकांना दुसऱ्या दिवशी नवा नियम माहीत असतो. म्हणजे हुकूम खाली पोचतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

धुळ्याच्या स्टेशनचा आराखडा पक्का होण्याआधी रेल्वे, एसटी, महापालिका आणि आरटीओ यांची एक बैठक धुळ्यातच लावा, मुंबईत नको. येणाऱ्यांना आपल्या गाडीने न येता रेल्वेने चाळीसगावला उतरून पुढे यायला सांगा. त्यात एक खुर्ची आमच्यातल्या कुणालातरी ठेवा. मला रविवार चालेल. इतर दिवशी सकाळच्या गाडीची वेळ झालेली असते.

आपला,
अमळनेर–जळगाव पासधारक