नुसती डोकी मोजून काय होणार?

महोदय,

कोमोडो ड्रॅगनची बातमी आली की आधी किती उरलेत तो आकडा छापून येतो; खरा प्रश्न मात्र ते कसे विखुरलेत हा आहे. हा प्राणी आपल्या घोरपडीच्याच कुळातला. इंडोनेशियातले गिली मोतांग हे बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे. तिथले ड्रॅगन पिढ्यान् पिढ्या आपसांतच जुगतात, त्यामुळे त्यांचे जनुकीय वैविध्य मोठ्या बेटांवरल्यांपेक्षा फारच कमी. पोहता येते, तरी सामुद्रधुनी सहसा ओलांडत नाहीत. फ्लोरेस बेट मोठे खरे, पण शेतीसाठी गवत-झाडोरा जाळता जाळता तिथेही जंगलाचे तुकडे उरलेत. बेटातली बेटेच म्हणा ना! १९८० साली ड्रॅगनसाठी कोमोडो राष्ट्रीय उद्यान झाले, फ्लोरेसवरचा बराचसा अधिवास मात्र त्याच्या हद्दीबाहेर आहे. २०२१ मध्ये हा प्राणी ‘संकटग्रस्त’ ठरला, तेव्हा तरी ही हद्द चर्चेत यायला हवी होती.

– एक वाचक, सातारा