रंकाळ्यावर भेटलेल्या वायरिंगवाल्या मामांस

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोल्हापुरात वडीलधाऱ्याला एकदा मामा म्हटलं की नावाची गरजच वाटत नाही, त्याचा हा तोटा. नंतर दोनदा उद्यमनगरात जाऊन 'गाड्यांचं वायरिंग करणारे मामा' अशी चौकशी केली, तर एकाच गल्लीत तिघांनी माना वर केल्या. त्यांत तुम्ही नव्हता. म्हणून हे उघडं पत्र.

पहाटेचे पावणेसहा वाजलेले, पावसाची झड नुकतीच थांबलेली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मिरजेला आठला पोचायचं होतं, म्हणजे हातात पन्नासेक किलोमीटर आणि दोन तास. रंकाळा टॉवरजवळ मावशीला घ्यायला गाडी बंद केली आणि तिथंच घात झाला. सेल्फ मारला की गाडी लागायची, एखादा सेकंद घुरघुरायची आणि विझायची. आठवड्यातली ही तिसरी वेळ. आधी एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं, तर 'ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर गेलाय, अठ्ठावीस हजार धरून चला' असं सांगून मोकळे झाले होते. मी पैशांची जुळवाजुळव करतच होते. भावाच्या सांगण्यावरून रिमोटचा सेलही बदलून बघितला होता.

आपल्याकडे गाडी बंद पडली की माणसं बोलवावी लागत नाहीत. पाच मिनिटांत फिरायला आलेले सातआठ जण जमले. एकानं पेट्रोल संपल्याचं निदान केलं, दुसऱ्यानं बॉनेट उघडलं, उरलेल्यांनी 'हां ढकला' म्हणत मागून हात लावले. मीही भराभर सेल्फ मारत होते, शेवटी त्याचाही आवाज बसायला लागला. तेवढ्यात छत्री काखेत धरून तुम्ही म्हणालात, "ढकलू नगासा. ह्या दुखण्याला धक्का चालत न्हाई. आन् ताई, सेल्फ मारायचं बंद करा आदी, बॅटरी मराय लागली."

तुम्ही बॉनेटकडे बघितलंही नाही. खिडकीतून वाकून म्हणालात, नुसती किल्ली ऑन करा, सेल्फ नको. मग डॅशबोर्डवरच्या एका इवल्या लाल दिव्याकडे बोट केलंत. गाडीच्या चित्रावर किल्ली असलेला तो दिवा सारखा मिचकावत होता. पाच वर्षं गाडी चालवतेय, पण तो दिवा मी बघितलेला नव्हता. "ह्यो दोनतीन सेकंदं लागून इजाय पायजे. मिचकावतोय म्हंजे गाडी तुमास्नी वळखंना झालीया. चोर समजतीया."

सेल्फ फिरलाच नसता तर तुम्ही बॅटरी, टर्मिनल बघितलं असतं. पण इंजिन लागून लगेच विझतंय आणि दिवा मिचकावतोय, म्हटल्यावर तुम्ही सरळ माझ्या किल्लीची चौकशी सुरू केलीत. डुप्लिकेट आहे का? पाण्यात पडली होती का? जोरात आपटली का? आणि मग, "जुडग्यात अजून काय काय हाय?"

जुडग्यात घराच्या दोन किल्ल्या, अंबाबाईचं पितळी कीचेन आणि भावाच्या गाडीची किल्ली होती. गाडी आमच्या दारात लावून तो आठवड्यासाठी पुण्याला गेला होता आणि हरवू नये म्हणून मीच ती माझ्या कडीत अडकवली होती. तुम्ही हसलात. नखानं कडी फाकवून माझी किल्ली तेवढी सोडवलीत, सेल्फला दोन मिनिटं विसावा दिलात आणि म्हणालात, "मारा आता." गाडी लागली आणि लागलेलीच राहिली.

एवढ्यावर कुणीही निघून गेलं असतं. तुम्ही मात्र गाडी बंद करायला लावलीत, भावाची किल्ली माझ्या किल्लीला चिकटवून धरलीत आणि म्हणालात, "पुन्यांदा मारा." विझली. बाजूला केली, लागली. असं दोनदा केलंत. त्या अठ्ठावीस हजारांची भीती माझ्या डोक्यातून तिथंच गेली.

किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी चिप असते, तिला सेल लागत नाही, सेल फक्त दारं उघडण्यापुरता, हे तुमच्याकडून कळलं. किल्ली जिथं घालतो तिथल्या गोल अँटेनातून चिपला वीज मिळते, ती आपला नंबर सांगते आणि नंबर जुळला तरच कॉम्प्युटर पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. शेजारी दुसरी चिप असली की दोघी एकदम बोलतात. "दोन जावा एका येळंला बोलाय लागल्या तर सासूला काय कळणार?" हे ऐकून मावशी एवढी हसली की तिला दोन जावा आहेत हे तुम्हाला ठाऊक असावं असं वाटलं! भावाची किल्ली कधी लांब लोंबायची, कधी चिकटून बसायची, म्हणून गाडी कधी लागायची, कधी नाही. पुढे घरी गाडीचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या गाडीची किल्ली जवळ ठेवू नका, असं त्यात छापलेलं होतं. पाच वर्षं ते डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत पडून होतं.

वाटेत पुन्हा बंद पडली तर, असं आईनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "न्हाई मावशी, ती फकस्त चालू करताना इचारती. येकदा हो म्हटली की मिरजंपातूर गप जाती." तशीच गेली. आठला पाच कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईच्या डब्यातला एक धपाटा तेवढा घेतलात, तोही तिनं हात धरल्यावर. जाता जाता सांगितलेलं कामही मी केलंय. नव्या गाडीबरोबर आलेला किल्लीच्या नंबरचा पत्रा देवघराच्या कप्प्यात सापडला, आणि दुसरी किल्ली आता गाडीत नाही, घरी असते. त्या गॅरेजवाल्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असं पण होतं कधी कधी."

आईचा डोळा आता छान आहे. दर रविवारी सकाळी आम्ही टॉवरजवळ येतो, तिच्या पिशवीत धपाट्यांचा डबा असतो. तुम्हाला शोधायचं काम तिचंच आहे, पण त्या पहाटे तिला तुमची नुसती छत्री दिसली होती. ती म्हणते, बघून नाही ओळखायची मी, एकदा बोलू देत फक्त.