चार पंजे आणि एक बोट

श्री. लुई व्हिक्टर लेबोर्न्य यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, शिवाय मराठीशी तुमचा संबंध नाही; तेव्हा हे पत्र पोचायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या आप्पांची वाचा गेली, तेव्हा मला खरा धीर दिलात तो तुम्ही.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला, 'चला'. पाणी हवं असलं तरी 'चला', मला हाक मारायची तरी 'चला चला'. भेटायला येणारे बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे, नाहीतर त्यांच्यादेखत मला विचारायचे, "ह्यांना कळतं का काही?" एका डॉक्टरांनीही मान हलवून आता फारशी आशा धरू नका म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग स्पीच थेरपीच्या बाईंनी तुमची गोष्ट सांगितली.

तुम्ही बुटांचे लाकडी साचे करणारे कारागीर. लहानपणापासून फेफऱ्याचा त्रास. तिशीच्या सुमारास बोलणं बंद झालं आणि पॅरिसच्या बीसेत्र रुग्णालयात आलात. काहीही विचारलं की 'तां तां' एवढंच म्हणायचात, म्हणून तिथं तुमचं नावच 'तां' पडलं. पुढं उजवा हात गेला, मग पाय. एप्रिल 1861 मध्ये सडत चाललेला पाय घेऊन तुम्ही शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्यासमोर आलात. त्यांनी विचारलं, इथं किती वर्षं आहात? तुम्ही डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडलात आणि मग एक बोट दाखवलंत. एकवीस. बरोब्बर एकवीस वर्षं!

ही गोष्ट ऐकून घरी आलो आणि आप्पांना विचारलं, तुमची नोकरी किती वर्षं झाली? त्यांनी डावा पंजा सहा वेळा उघडला आणि वर दोन बोटं दाखवली. बत्तीस. मी बाहेर पडवीत जाऊन रडलो.

पाचसहा दिवसांतच, 17 एप्रिलला तुम्ही गेलात. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी तुमचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र परिषदेत मांडला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात मोठी इजा होती. नंतर असे आणखी रुग्ण पाहून 1865 मध्ये त्यांनी सांगून टाकलं की, आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागानं बोलतो. त्या जागेला आजही ब्रोकांचं नाव आहे. तुमचं असायला हवं होतं असं मला वाटतं, पण ते असो. तुमचा मेंदू त्यांनी न कापता जपून ठेवला हे मात्र फार बरं केलं. 2007 मध्ये त्याचं एमआरआय झालं, तेव्हा दिसलं की इजा वरवरची नव्हती. ती खूप आत, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोचली होती. म्हणजे भाषा काही एका खोलीत कुलूप लावून ठेवलेली नसते. एसटीच्या भाषेत सांगायचं तर डेपो शाबूत असला तरी रस्ता खचला की गाडी निघत नाही.

आणि काही रस्ते वेगळेच असतात. रागाच्या भरात तुमच्या तोंडून एक शिवी अख्खी बाहेर पडायची म्हणे. आप्पांचंही तेच! 'पाणी' म्हणता येत नाही, पण बाराचा पाढा सुरू करून दिला की घडाघडा म्हणतात, गणपतीची आरती तर चालीवर पूर्ण. घोकून, सवयीनं तोंडात बसलेलं बोलणं आणि मनातला विचार शब्दांत मांडणं, ही दोन कामं मेंदू एकाच वाटेनं करत नाही. बाईंनी हाच धागा धरला. आज गुरुवार आहे हे सांगायचं तर आप्पा रविवारपासून निघतात आणि गुरुवारला थांबतात. आधी थांबता यायचं नाही, सरळ शनिवार गाठायचे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. तुम्ही स्वार्थी, खुनशी होतात, बरोबरचे रुग्ण तुमचा तिरस्कार करायचे, असं ब्रोकांनी लिहून ठेवलंय. त्याचाही दोष बराचसा मेंदूच्या इजेला दिला गेला. असेलही. पण एकवीस वर्षं मनातलं सांगता आलं नाही आणि लोकांनी तुमच्याच तोंडात अडकलेल्या आवाजाला तुमचं नाव करून टाकलं, तर कुणाचा स्वभाव गोड राहील? आप्पांनी पहिल्या महिन्यात दोन ताटं भिरकावली. सगळे त्यांना विचारून, उत्तरासाठी थांबून बोलायला लागले, तेव्हापासून एकही नाही.

तुमचं पूर्ण नाव, मोरे हे तुमचं गाव, शिक्षक असलेले वडील, हे सारं एका पोलिश इतिहासकारानं जुन्या कागदांतून शोधून 2013 मध्ये छापलं. म्हणून तर वर तुम्हाला 'तां' न लिहिता नावानिशी लिहिता आलं.

काल हे पत्र आप्पांना वाचून दाखवलं. एकवीस वर्षांपाशी आलो तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि स्वच्छ म्हणाले, "च्यायला."

कळावे, लोभ असावा.