डबा कोणता ते कळव

कर्जत, मंगळवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी आपटला नाही, ठेवला. आई म्हणते आपटलात. असो. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून कागदावर लिहितोय. शेजारचा पक्या रोज लोकलने ठाण्याला जातो, त्याच्या हातात देतो म्हणजे उद्या मिळेल.

रविवारी तुम्ही लोणावळ्याला खुशाल जा. जाऊ नकोस असं मी म्हटलंच नव्हतं. अकरा जणांची जाण्यायेण्याची तिकिटं तू एकटीने काढलीस, कोणी कुठल्या स्टेशनवर चढायचं तेही प्रत्येकाला लिहून दिलंस, हे आईकडून कळलं. लगेच खाली जाऊन दोघांना ऐकवून आलो. आणि पाण्याबद्दल या पत्रात अवाक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

गाडी कर्जतला थांबली की मागे बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतील. तेव्हा हातात चहा धरू नका, धक्का बसतो. पुढे सदतीस फूट गेलं की एक फूट वर, असा तो चढ आहे. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून गाड्यांचा कस तिथेच लागतो. मी बावीस वर्षं मागून ढकलत होतो. पुढच्या ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही, गाडीने जोर मागितला की ते बुडाखाली कळतं. वर पोचल्यावर लोक उतरून निघून जातात, मागे कोण होतं हे कोणी वळून बघत नाही. तू बघायचीस. पासवर खंडाळ्याला जायचो तेव्हा उतरल्या उतरल्या मागच्या टोकाला पळायचीस, बँकरच्या काकांना टाटा करायला. बोगदेही मोजायचीस. दर खेपेला आकडा वेगळा, आणि चूक नेहमी माझी.

पावसात बोगद्याच्या तोंडाशी काचेवर सगळा डोंगरच ओतल्यासारखं व्हायचं, वायपर नुसता हलत राहायचा. कर्जतला थेंब नसायचा आणि वर घाटात मंकी हिलला रुळाशेजारची गटारं फुटायला आलेली असायची. म्हणून सांगतो, तुम्ही उभे असाल तिथे ऊन असलं तरी वर डोंगरात काय चाललंय ते खाली कळत नाही.

बघ, आलंच पाणी.

आता आलंय तर लिहूनच टाकतो. भुशीचं धरण आपल्या रेल्वेचंच, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून बांधलेलं. त्या पायऱ्यांवर मीही बसलोय, तुझ्या आईबरोबर, लग्नाच्या वर्षी. बसायला माझी ना नाही. पण मागच्या बाजूला, धबधब्याकडे जायचं नाही. २०२४ च्या जूनमधला शेवटचा रविवार आठव. पुण्याचं कुटुंब, एकमेकांना घट्ट धरून मधल्या खडकावर उभं. पाच जण गेले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मीही पाहिला, आणि आजीच्या हातून मोबाइल काढून घेतला. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं यायला लागली की उठायचं. फोटो अर्धा राहिला तरी उठायचं. पाण्यापेक्षा आपल्याला वेगाने पळता येतं, असं समजायचं नाही. अकरा जणांत दोन तरी शहाणे निघतील, म्हणतील थोडं पुढे जाऊ. त्यांना तू…

पुरे. चोवीस वर्षांच्या मुलीला मी पायऱ्या कशा उतरायच्या ते शिकवतोय. चुकलं माझं. ऑफिसात तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, ती तुझं ऐकतात.

पण "मला पोहता येतं बाबा" हे काल तू म्हणालीस ना, तिथे माझं डोकं फिरलं. बाळूकाका उल्हास नदी भर पावसात आडवी पोहून जायचा, आणि पलीकडून जांभळं आणायचा, तोंडात पिशवी धरून. आजी त्याला पैजेवर पैसे द्यायची. अजून जांभळांचा हंगाम आला की ती बाजाराच्या दिवशी घरातच बसते. हे तुला कधी नीट सांगितलं नाही, रविवारच्या आधी सांगावं असंही नाही. पण लिहून झालं.

जमलं तर वळवणकडे जा. टाटांनी खोपोलीच्या वीजघरासाठी अडवलेलं पाणी आहे, ढग खाली आले की पलीकडचा काठ दिसेनासा होतो. लांबूनच बघा. आजीला चिक्की नको, फज आण. शेंगदाणा आता चावत नाही. आणि कणीस खाल्लंस तर वर लगेच पाणी पिऊ नकोस (हे पाणी वेगळं).

रविवारी सकाळी मी प्लॅटफॉर्मवर असेन. आई अकरा जणांना पुरतील एवढे धपाटे करणार आहे, लसणाची चटणी वेगळी बांधून. मी खिडकीतून डबा देईन आणि बाजूला होईन. तुझ्या मित्रांसमोर काही बोलणार नाही. फक्त तुमचा डबा कोणता, इंजिनापासून कितवा, ते कळव. गाडी फार वेळ थांबत नाही आणि माझा गुडघा तुला माहीत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. संध्याकाळी उतरताना गाडी मंकी हिलला उभी राहील, ब्रेक तपासतात. सगळ्यांना सांग, घाबरायचं काही नाही. तिथे रेंज मिळाली तर एक मिस्ड कॉल दे.