गणिताच्या तासाला विभक्तीही शिकवा

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की मुले गणितात का मागे पडतात यावर दरवर्षी चर्चा झडते. पाढे पाठ नाहीत, सराव नाही, मोबाइल फार झाला, इथेच ती संपते. मी मराठी आणि गणित हे दोन्ही विषय शिकवले आहेत. आकडेमोड बरी जमणारी कितीतरी मुले शाब्दिक उदाहरणाशी येऊन अडतात, आणि त्यांचे अडते ते वाचनात.

'१२ मधून ५ वजा करा' हे साधे वाक्य घ्या. मराठीत ते '५ वजा करा १२ मधून' असे फिरवले तरी अर्थ हलत नाही, कारण कशातून काय काढायचे हे 'मधून' सांगतो. गणिताच्या मांडणीत 'मधून' लिहायला जागाच नाही. ते काम संख्येच्या जागेवर सोपवलेले असते. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल मग ५ − १२ लिहून मोकळे होते. '४ ने २० ला भागा' यातले 'ने' आणि 'ला' निसटले की भागाकारही उलटा. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर 'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह', म्हणजे वजा करायची संख्याच आधी कानावर पडते. तिथे हा घोळ रोजचा.

यावर शिकवण्यांमध्ये सोपी युक्ती देतात: 'एकूण', 'जास्त' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी. मग 'मीनाकडे राजूपेक्षा ४ पेरू जास्त आहेत. मीनाकडे ११ आहेत, तर राजूकडे किती?' याचे उत्तर १५ येते! 'पेक्षा' कोणाला जोडलाय एवढेच विचारा. बहुतेक मुले आपली आपण ७ वर येतात. 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) सगळ्यांना पाठ असते, पण त्यातला 'चे' हा '२० चे तीन चतुर्थांश' मधला षष्ठीचा प्रत्यय आहे, हे किती वर्गांत सांगितले जाते?

बरोबरच्या चिन्हाची गत याहून वाईट. पाचवीच्या फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहून पाहा. चौकटीत १२ भरणारी मुले सापडतीलच, कारण त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' ही आज्ञा. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह वापरले ते 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा टाळण्यासाठी. म्हणजे त्यात क्रियापद आहे. चौकटीत १२ भरून दोन्ही बाजू मोठ्याने वाचायला लावल्या की 'बारा बरोबर सतरा' हे मुलांच्याच कानाला खटकते.

अर्थात हे ताणायलाही नको. '२ + २ = ५' हे वाक्य व्याकरणाने निर्दोषच आहे. भूमितीच्या आकृतीला विभक्ती लावत बसण्यातही अर्थ नाही, आणि पाढे हवेतच.

माझी सूचना छोटी आहे. चाचणीत एखादा प्रश्न उलटा विचारावा: '३क्ष − ७ = २०' हे समीकरण द्यावे आणि त्यावर मराठीत शाब्दिक उदाहरण रचायला सांगावे. त्याला समीकरण सोडवण्याइतकेच गुण ठेवावेत, आणि ती उत्तरे तपासायला मराठीच्या शिक्षकांनाही सोबत घ्यावे. वेळापत्रकात यासाठी वेगळा तास लागत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा